‘एफ/एक्स २’ : विदूषक आणि त्याचा पोशाख

मंडळी, आज आपण एका मध्यम प्रतीच्या चित्रपटाकडे इतिहासाचा कागद म्हणून बघणार आहोत. मे १९९१ मध्ये अमेरिकेत लागलेला ‘एफ/एक्स २’. दिग्दर्शक रिचर्ड फ्रँकलिन, आणि नायक रॉली टायलरच्या भूमिकेत ब्रायन ब्राउन.

१९८६ च्या पहिल्या भागात हा रॉली सिनेमासाठी खोट्या जखमा, खोटे मृत्यू तयार करतो. सरकारी माणसं त्याला एका गुंडाचा खोटा खून घडवायला लावतात आणि मग त्याच्याच जिवावर उठतात. कल्पना झकास होती. दुसऱ्या भागाची कथा त्या मानानं सैल आहे. ती मायकेलअँजेलोच्या सोन्याच्या पदकांपर्यंत कशी पोचते, ते आपण सोडून देऊ.

आपल्याला हवाय तो विदूषक. रॉलीनं सिनेमाचा धंदा सोडलाय, आता तो खेळणी बनवतो. त्याच्याकडे माणसाएवढा यांत्रिक विदूषक आहे. संवेदक लावलेला पोशाख घालून रॉलीनं हात उचलला, की विदूषकही तसाच हात उचलतो. मारेकरी घरात शिरतो तेव्हा हाच विदूषक त्याला बदडून काढतो. आपण हसतो आणि पुढे जातो.

पण जेमतेम दोन महिन्यांत, जुलैमध्ये, ‘टर्मिनेटर २’ आला. पाऱ्यासारखा वाहणारा माणूस, संगणकावर घडवलेला. (त्याच्या छातीवर उमटणाऱ्या गोळ्यांच्या खुणा मात्र स्टॅन विन्स्टनच्या कारखान्यात हातानंच केल्या होत्या, हे सहसा कुणी सांगत नाही.) मग १९९३, ‘ज्युरासिक पार्क’. फिल टिपेट हा बाहुल्या एकेक फ्रेमला हलवून जिवंत करणारा कारागीर. त्याच्या बाहुल्या बाजूला ठेवून संगणकी डायनासोर घ्यायचं ठरलं, तेव्हा आपली विद्या संपली असंच त्याला वाटलं.

संपली नाही. प्राणी वजन कसं टाकतो, मान कशी वळवतो, हे बाहुलीवाल्यांच्या बोटांत होतं. संगणक मात्र त्यांना नवा. म्हणून सांध्यासांध्यात संवेदक बसवलेला डायनासोरचा सांगाडा बनवला. कारागिरानं तो हातानं हलवायचा, आणि ती हालचाल संगणकातल्या प्राण्यात उतरायची. काही दृश्यं अशीच झाली.

म्हणजे रॉलीचा पोशाखच की हो! तिकडे दुसऱ्या टोकाला यंत्राचा विदूषक होता, इकडे नुसते आकडे. एकानं दुसऱ्याचं पाहून केलं, असं आम्ही म्हणत नाही. अडचण मात्र एकच होती : अंगातलं कसब यंत्रात उतरवायचं कसं? त्या चित्रपटाच्या इफेक्ट्सना ऑस्कर मिळालं, तेव्हा ते घेणाऱ्या चौघांत विन्स्टन होता, आणि टिपेटही.