उपालंभ आणि विलाप : मराठी ख्रिस्ती वाङ्मयांतील आर्त प्रार्थनेविषयीं एक टिपण

नामदेवांची जन्मभूमि म्हणून मानलें जाणारें नरसी आमच्या वसमतेप्रमाणेंच हिंगोली जिल्ह्यांत आहे, आणि जनाबाईंचें गंगाखेड शेजारच्या परभणी जिल्ह्यांत. विठ्ठलावर रुसणारे, त्याच्याशीं भांडणारे, प्रसंगीं त्यास शिव्याही देणारे हे भक्त आम्हां इकडील लोकांच्या लहानपणापासून ओळखीचे. त्यामुळें पोथ्या जमविणाऱ्या मंडळींत एक मत सहज बोललें जातें : देवास जाब विचारणें हा आमच्या भक्तिमार्गाचा विशेष, ख्रिस्ती मनुष्यानें मात्र संकटकाळीं मुकाट्यानें मान लववावी, एवढीच त्याची प्रार्थना. हें मत आम्हीं तपासून पाहिलें. तें टिकत नाहीं, हें दाखविणें हा प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे.

प्रथम शब्दांचा विचार करूं. विलाप (वि + लप्) म्हणजे शोकाचें बोलणें. ऐकणारा असो वा नसो, तो होतो. उपालंभ (उप + आ + लभ्) म्हणजे बोल लावणें. त्यास समोर कोणी तरी लागतो, आणि तो बहुधा जवळचाच असतो. संस्कृत काव्यांतील नायिका उपालंभ देते तो प्रियकरास, वाटसरूस नव्हे. हा भेद ध्यानीं धरला म्हणजे पुढील पुराव्याचा अर्थ उघड होतो.

बायबलांतील स्तोत्रसंहितेंत १५० स्तोत्रें आहेत. त्यांपैकीं सुमारें एकतृतीयांश आर्तांचीं आहेत, आणि तीं बहुतेक उपालंभाचीं आहेत, 'कोठवर?' आणि 'कां?' हे प्रश्न त्यांत थेट देवास विचारलेले आहेत. बहुतेकांच्या शेवटीं आशेचा सूर लागतो. परंतु ८८ वें स्तोत्र अंधारांतच संपतें. पिढ्यान्पिढ्या त्याच्या नकला झाल्या, तरी शेवटीं सांत्वनाची एक ओळ कोणी जोडून दिली नाहीं. पोथ्यांत मागाहून घुसडलेल्या फलश्रुति ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस या संयमाची किंमत सांगावयास नको. पुढें क्रूसावर ख्रिस्तानें २२ व्या स्तोत्राचाच आरंभ उच्चारला, म्हणजे देवानें आपणास कां टाकलें असें विचारलें. मत्तय व मार्क या दोघांनींही तो उद्गार मूळच्या परभाषेच्या ध्वनींत जपून ठेवला आहे.

हें मराठींत केव्हां आलें? फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट इ. स. १५७९ मध्यें गोव्यास आला, साष्टी प्रांतांत राहिला, व १६१९ मध्यें वारला. त्याचें ख्रिस्तपुराण इ. स. १६१६ (शके १५३८) मध्यें रायतूर येथें छापलें गेलें. नव्यानें ख्रिस्ती झालेल्या लोकांच्या हातून जुनीं पुराणें गेलीं होतीं. त्यांच्या जागीं वाचावयास कांहीं द्यावें, ही त्यांची मागणी ग्रंथारंभींच नमूद आहे. ज्यांचे दुःखाचे शब्दही काढून घेतले गेले होते, त्यांच्या हातीं पाद्र्यानें त्यांचीच ओवी पुन्हां दिली. दुसऱ्या पुराणांत ख्रिस्ताचें चरित्र व दुःखभोग या ओवींतच गाइला आहे. १६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ तरला तो हस्तलिखितांवर. त्यांवरूनच जोसेफ सालढाणा यांनीं १९०७ मध्यें मंगळूर येथें आपली आवृत्ति सिद्ध केली. देवनागरी प्रत लंडन येथील मार्सडेन संग्रहांत निघाली. छापखान्यानें जें राखलें नाहीं, तें नकला करणाऱ्यांनीं राखलें.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीं १८९५ मध्यें बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामाच्या आधारानें ख्रिस्तापर्यंत आलों असें ते मानीत, व त्यांनीं ख्रिस्तास अभंगांतून आळविलें. म्हणजे दोन्ही परंपरांची भेट येथें उघड मान्य केलेली आहे.

सर्वांत बोलका पुरावा पंडिता रमाबाईंचा. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही संस्कृतज्ञ कन्या. दुष्काळांत कुटुंबानें व्रतें केलीं, दानें दिलीं. द्रव्य संपलें, पाला खाण्याची वेळ आली. पुढें आईबाप गेले. ती हकीकत रमाबाईंनीं १९०७ मध्यें कांहीं न झांकतां लिहिली आहे. १८८० मध्यें भाऊ गेला, १८८२ मध्यें पति. १८८३ मध्यें त्यांनीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला. पुढें केडगांवच्या मुक्तिसदनांत हिब्रू व ग्रीक शिकून सामान्य बायकांस समजेल अशा मराठींत त्यांनीं सारें बायबल उतरविलें. काम अखेरीस आलें असतां, १९२१ मध्यें, एकुलती कन्या मनोरमा वारली. तरी काम थांबलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई गेल्या. ग्रंथ १९२४ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत ८८ वें स्तोत्र आहे, आणि ईयोबाचा देवाशीं चाललेला वादही आहे. दुःखितांनीं देवाशीं कसें बोलावें हें ज्या बाईनें मराठींत आणलें, तिला तें केवळ कोशांतून शिकावें लागलें नव्हतें.

येथें एक आक्षेप संभवतो : गेथशेमाने बागेंत ख्रिस्तानें अखेर पित्याची इच्छा मान्य केली, मग शरणागति हेंच सार नव्हे काय? आमचें उत्तर असें, कीं क्रम पाहावा. हा प्याला टळावा ही मागणी आधीं आहे, आणि मत्तयाच्या वृत्तांताप्रमाणें ती प्रार्थना त्यानें तीन वेळां केली. खरें दुःख सांगितल्यावर जी शरणागति येते ती प्रार्थना; न सांगतां जी येते ती केवळ शिष्टाचार. नामदेवांचें रुसणें व ईयोबाचें भांडणें यांचें दैवत भिन्न, तत्त्वज्ञान भिन्न; परंतु दोघांसही समोर कोणी ऐकत आहे याची खात्री आहे. ती नसती तर दोघांच्याही मुखीं विलाप राहिला असता, उपालंभ नव्हे.

संग्राहकांस एक विनंति. बखरी, सनदा, महजर आपण जपतों. ख्रिस्ती घरांतील हातानें लिहिलेल्या प्रार्थनांच्या वह्या व गीतांचीं बाडें मात्र 'अलीकडचीं' म्हणून रद्दींत जातात. दुष्काळांत व प्लेगांत माणसें देवाशीं काय बोललीं, हें सरकारी दप्तरांत मिळावयाचें नाहीं. तें अशाच वह्यांत असावयाचें. त्या जपून ठेवाव्या, व त्यांतील तक्रारीची एकही ओळ गाळूं नये.