पडद्यामागील संगीत संयोजकाला थेट प्रक्षेपणाचे व्यासपीठ

गाणे गाजले, की गायकाचे नाव घरोघरी पोहोचते. त्या गाण्याचा वाद्यमेळ रचणारा संयोजक मात्र बहुधा पडद्यामागेच राहतो. अनिल मोहिले यांच्यासारख्या जाणत्या संयोजकाचे काम मराठी रसिकांनी अनेक वर्षे ऐकले; पण गाण्यांना लाभलेली ओळख संयोजकाच्या वाट्याला क्वचितच येते. संगणकावर एकहाती गाणे घडविणाऱ्या आजच्या ‘म्युझिक प्रोड्युसर’पुढेही हाच प्रश्न उभा आहे. इंटरनेटवरील थेट प्रक्षेपण, अर्थात ‘लाइव्ह स्ट्रीमिंग’, हे त्यावरील एक उत्तर ठरू शकते.

पुण्याच्या पश्चिमेस असलेल्या मुळशी तालुक्याचे चित्र या दृष्टीने बोलके आहे. हिंजवडीतील माहिती तंत्रज्ञान उद्यान आणि लवळे येथील शैक्षणिक संकुले यांमुळे तालुक्याचा एक भाग महानगराशी जोडला गेला आहे. डिसेंबर २०१७ मध्ये ‘सनबर्न’ हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा महोत्सवही लवळे परिसरात झाला. परंतु अशा रंगमंचावर नामवंतांनाच स्थान मिळते. पौड किंवा पिरंगुटमधील एखाद्या खोलीत संगणक आणि हेडफोन घेऊन बसलेल्या नवोदिताला आपले काम दाखविण्यासाठी दुसरी वाट शोधावी लागते.

वाटचाल

‘यूट्यूब’ने २००९ मध्ये ‘यू-टू’ या वाद्यवृंदाचा कार्यक्रम थेट दाखवून या माध्यमाची ताकद सिद्ध केली. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये ‘बॉयलर रूम’ हा उपक्रम एका साध्या वेबकॅमेऱ्यावर सुरू झाला. संयोजकांच्या दृष्टीने महत्त्वाची घटना २०१२ मधील आहे. कॅनडाचा ‘डेडमाउस’ आपल्या स्टुडिओतून एक रचना घडवीत असताना ती थेट दाखवीत होता. ती ऐकून ख्रिस जेम्स या अपरिचित गायकाने स्वतःहून शब्द आणि स्वर जोडून त्याला पाठविले. त्यातूनच ‘द वेल्ट’ हे गाणे तयार झाले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात टिंबलँड आणि स्विझ बीट्झ या अमेरिकी निर्मात्यांनी ‘इन्स्टाग्राम’वर ‘व्हर्झुझ’ ही जुगलबंदी सुरू केली आणि एरवी नेपथ्यात राहणारे निर्माते प्रेक्षकांसमोर आले.

पुण्याचे उदाहरण थेट प्रक्षेपणाचे नसले, तरी इंटरनेटच्या सामर्थ्याचे निश्चितच आहे. शास्त्रीय संगीताचे संस्कार लाभलेल्या पुण्यातील रित्विझ याचे ‘उड गये’ हे गाणे २०१७ मध्ये एका स्पर्धेतून निवडले जाऊन यूट्यूबवर झळकले आणि देशभर ऐकले गेले.

काय दाखवावे?

तयार गाणे श्रोत्याला कोठेही ऐकता येते. थेट प्रक्षेपणात त्याला हवी असते ती घडण. कोऱ्या पडद्यावर ताल रचणे, ढोलकीचे बोल किंवा संबळाचा नाद ध्वनिमुद्रित करून त्यावर संस्कार करणे, प्रेक्षकांनी पाठविलेल्या सुरावटीवर संयोजन करणे, हे सारे पाहण्याजोगे असते. आठवड्यातील ठरावीक वार आणि वेळ पाळल्यास प्रेक्षक टिकतो. दोन तासांच्या प्रक्षेपणातून निवडलेले मिनिटभराचे तुकडे नंतर स्वतंत्रपणे प्रसिद्ध केल्यास नवा श्रोताही मिळतो. प्रक्षेपण काही सेकंद उशिरा पोहोचते, याचे भान ठेवावे. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर लगेच येत नाही. याच विलंबामुळे दोन गावांतील वादकांनी एका तालात एकत्र वाजविणेही अवघड ठरते.

तांत्रिक सज्जता

‘ओबीएस स्टुडिओ’ हे मोफत सॉफ्टवेअर या कामासाठी जगभर वापरले जाते. नवोदितांची सर्वाधिक फसगत आवाजाच्या बाबतीत होते. ‘अझिओ’ पद्धतीने चालणाऱ्या संगीत सॉफ्टवेअरचा आवाज प्रक्षेपणात आपोआप येत नाही. त्यासाठी ‘लूपबॅक’ची सोय असलेला ऑडिओ इंटरफेस उपयोगी पडतो. चित्र थोडे धूसर असले तरी चालते. आवाज तुटल्यास श्रोता थांबत नाही. प्रक्षेपणाला लागणाऱ्या वेगाच्या निदान दीडपट अपलोड वेग हाताशी असावा.

मुळशीत पावसाळ्याचा विचार आधी करावा लागतो. ताम्हिणीचा परिसर राज्यातील अतिवृष्टीच्या भागांत गणला जातो. मुळशी धरणाच्या पाण्यावर भिरा येथे १९२७ पासून वीज निर्माण होत असली, तरी मुसळधार पावसात तालुक्यातील वाड्या-वस्त्यांना खंडित विजेचा अनुभव नवा नाही. इन्व्हर्टर, मोबाइलची पर्यायी जोडणी आणि संगणकावर समांतर ध्वनिचित्रमुद्रण या तीन गोष्टी असल्यास केलेले काम वाया जात नाही.

हक्कांची जपणूक

प्रसिद्धीच्या उत्साहात हक्कांकडे दुर्लक्ष होते आणि खरा धोका तेथेच असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणारा तो ‘निर्माता’ ठरतो. त्यामुळे मानधनावर संगीत रचून देणारा तरुण स्वतःला प्रोड्युसर म्हणवीत असला, तरी ध्वनिमुद्रणाची मालकी दुसऱ्याकडे जाऊ शकते. काम सुरू करण्यापूर्वीच लेखी करार करणे म्हणूनच आवश्यक आहे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांच्या स्वामित्वधनाच्या वाट्याला संरक्षण दिले. १९६९ मध्ये स्थापन झालेली ‘आयपीआरएस’ ही संस्था आपल्या सभासदांसाठी हे स्वामित्वधन गोळा करते.

ग्राहकाची अप्रकाशित रचना त्याच्या परवानगीविना प्रक्षेपणात वाजवू नये. चित्रपटगीतांचे तुकडे वापरल्यास यूट्यूबची स्वयंचलित यंत्रणा ते ओळखते आणि प्रक्षेपण मध्येच थांबू शकते.

उत्पन्नाचे गणित

मोबाइलवरून थेट प्रक्षेपण करण्यासाठी यूट्यूबवर किमान ५० सदस्य लागतात. जाहिरातींच्या उत्पन्नातील वाट्यासाठी १,००० सदस्य आणि त्याबरोबर १२ महिन्यांत ४,००० तासांचे दर्शन, किंवा ९० दिवसांत लघुचित्रफितींची १ कोटी दर्शने, अशी अट आहे. आरंभीच्या काळात जाहिरातींपेक्षा प्रक्षेपण पाहून मिळणारी कामेच अधिक मोलाची ठरतात. एखादा गायक, लघुपटाचा दिग्दर्शक किंवा नाट्यसंस्था संयोजकाची काम करण्याची रीत प्रत्यक्ष पाहू शकते. प्रेक्षक वीसच असले, तरी त्यांतील एकाला आपल्या गाण्यासाठी संयोजक हवा असेल, तर ती संध्याकाळ सार्थकी लागते.