आगगाडी न पाहिलेला लोहमार्ग

स्पेन देशाच्या दक्षिणेस अंदालुसिया नावाचा प्रदेश आहे. त्यातील कादिस प्रांतात, डोंगररांगांच्या पायथ्याशी, ओल्वेरा हे गाव वसलेले आहे. चुन्याने पांढरीशुभ्र केलेली घरे, टेकडीच्या माथ्यावर मूर राजवटीतील किल्ला आणि सभोवार ऑलिव्हच्या झाडांच्या रांगा, असा त्या गावाचा थाट आहे. गावाबाहेर एक रेल्वे स्टेशन आहे. परंतु या स्टेशनात आजपर्यंत एकही आगगाडी आलेली नाही. येथे येतात ते सायकलस्वार. स्टेशनापासून पुएर्तो सेर्रानो या गावापर्यंत ३६ किलोमीटरांची एक वाट डोंगरांतून जाते. तीवर ३० बोगदे आहेत, ४ मोठे पूल आहेत, आणि मोटारगाडीस मज्जाव आहे. आगगाडीसाठी तयार केलेली वाट सायकलीच्या वाट्यास कशी आली, याची हकीकत मनोरंजक आहे. पण ती निव्वळ मनोरंजक मात्र नाही.

१९२३ च्या सप्टेंबरात जनरल प्रीमो दे रिव्हेरा याने स्पेनची सत्ता हाती घेतली. देशात रस्ते, धरणे व लोहमार्ग यांची मोठमोठी कामे काढावी, त्यायोगे उद्योग वाढेल व असंतोष शमेल, असा त्याच्या सरकारचा होरा होता. सार्वजनिक कामांचा मंत्री कौंट ग्वादालोर्से हा स्वतः नामांकित इंजिनिअर. त्याच्या कारकिर्दीत, १९२६ साली, तातडीने बांधावयाच्या लोहमार्गांची एक योजना मंजूर झाली. तीतच हेरेसपासून आल्मार्खेनपर्यंतचा, शंभर किलोमीटरांहून अधिक लांबीचा मार्ग होता. हेरेस हे द्राक्षमद्याच्या पेठेचे शहर. तेथून हा मार्ग डोंगराळ मुलुखातून पूर्वेकडील जुन्या लोहमार्गास मिळावयाचा होता. १९२७ साली कामास आरंभ झाला.

या कामाचे महत्त्व कळण्यास त्या मुलुखाची स्थिती ध्यानी घ्यावयास हवी. जमीन थोड्या बड्या जमीनदारांच्या हाती, आणि बाकीचा गाव रोजंदारीवर. पहाटे गावच्या चौकात मजुरांनी उभे राहावे, मुकादमाने येऊन हवे तितके निवडावे आणि उरलेल्यांनी घरी परतावे, असा परिपाठ होता. ऑलिव्हचा हंगाम संपला की कित्येक महिने हातास काम नसे. दुष्काळात खडी फोडण्याची कामे निघाली म्हणजे महाराष्ट्रातील खेड्यांना जो दिलासा मिळे, तसाच तेथील मजुरांना डोंगर फोडण्याच्या या कामाने मिळाला. फरक इतकाच, की खडी फोडून झाल्यावर पुढे काही यावयाचे नसे. येथे मात्र आगगाडी यावयाची होती. ऑलिव्हचे तेल बंदरावर जाईल, मुले शहरात शिकावयास जातील, ही आशा रोजच्या मजुरीबरोबर मिळत होती.

लोहमार्गाच्या बांधणीतील एक बारकावा येथे सांगितला पाहिजे, कारण पुढे सायकलस्वाराचे सारे सुख त्यावरच अवलंबून आहे. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरावयाचे असते. चढ थोडा अधिक झाला की ते घसरू लागते. १८६३ साली पुऱ्या झालेल्या बोरघाटातील लोहमार्गाचा चढ ३७ फुटांस १ फूट आहे आणि आगगाडीच्या हिशेबी तोसुद्धा फार खडा समजला जातो. गाडीरस्त्यावर याच्या दुपटीतिपटीने चढ असला तरी कोणी तक्रार करीत नाही. म्हणून लोहमार्गाचा इंजिनिअर डोंगराशी झुंजत नाही. तो डोंगरास भोक पाडतो, दरीवर पूल घालतो, खाचर कापतो, भराव टाकतो आणि वाट शक्य तितकी सपाट ठेवतो. ओल्वेरा ते पुएर्तो सेर्रानो या टापूत अशा बोगद्यांची मालिकाच खोदली गेली. त्यातील सर्वांत लांब, ‘कास्तियो’ म्हणजे किल्ल्याचा बोगदा, ९९० मीटरांचा आहे.

बोगदे झाले, पूल झाले, स्टेशनांच्या इमारतीही उभ्या राहिल्या. रूळ मात्र पडले नाहीत. १९३० साली प्रीमो दे रिव्हेराची सत्ता गेली, १९३१ साली राजाही देश सोडून गेला आणि प्रजासत्ताक आले. जागतिक मंदीचे दिवस होते. तिजोरीत पैसा नव्हता. काम रेंगाळले. मजुरांची निराशा किती विकोपास गेली होती हे १९३३ च्या जानेवारीत दिसले. याच कादिस प्रांतातील कासास व्हिएहास या खेड्यात भूमिहीन मजुरांनी उठाव केला. सरकारी शिपायांनी एक झोपडी आतील माणसांसह जाळली, कित्येकांना गोळ्या घातल्या. वीसाहून अधिक माणसे मेली. १९३६ साली यादवी युद्ध पेटले. त्यानंतर या मार्गाचे नाव निघाले तरी पैसा निघाला नाही. पुढे १९६२ साली जागतिक बँकेच्या अहवालाने स्पेनला नव्या लोहमार्गांवर खर्च न करण्याचा सल्ला दिला, आणि अर्धवट राहिलेल्या अशा सर्वच मार्गांची आशा संपली. तोवर अंदालुसियातील लाखो माणसे बार्सेलोनाकडे, फ्रान्सकडे, जर्मनीकडे पोटासाठी निघूनही गेली होती. जी गाडी त्यांच्या दारी यावयाची ती न आल्यामुळे, दूरच्या स्टेशनावर जाऊन त्यांना दुसरी गाडी धरावी लागली.

आता सायकलीकडे वळू. १८८५ साली इंग्लंडात स्टार्ली याने दोन सारख्या चाकांची, साखळीने चालणारी सायकल बनवली. १८८८ साली डनलॉपने हवेची धाव काढली आणि सामान्य माणसास दूरचा प्रवास स्वतःच्या पायांच्या बळावर शक्य झाला. रस्ते सुधारा, म्हणून इंग्लंडात पहिली संघटित ओरड केली ती सायकलस्वारांनीच. त्यासाठी त्यांनी १८८६ साली एक संस्थाही स्थापन केली. रस्ते सुधारले, आणि मोटारगाडीने ते बळकावले! १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून निघालेल्या पारशी तरुणांपैकी तिघे १९२८ साली सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. त्यांना वाळवंट व जंगल यांचे भय होते. त्यानंतरच्या पिढ्यांतील सायकलस्वारास भय राहिले ते मागून येणाऱ्या मोटारीचे.

या संकटातून वाट निघाली ती आगगाडीच्या पडत्या काळामुळे. मोटारीने सायकलीस रस्त्यावरून हुसकावले, तसेच तिने लहान लोहमार्गांचे उतारूही पळवले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन संस्थानात एल्रॉय ते स्पार्टा हा जुना मार्ग १९६४ साली बंद पडला. संस्थानाने पुढल्याच वर्षी ती जमीन विकत घेतली आणि १९६७ साली, तीन बोगद्यांसह सुमारे ३२ मैलांची ती वाट सायकलस्वारांस खुली केली. स्पेनमध्ये १९८५ सालच्या आरंभी तोट्यातील ९०० किलोमीटरांहून अधिक मार्गांवरील गाड्या एकदम बंद झाल्या. १९९३ साली अशा ओसाड मार्गांसाठी सरकारी योजना निघाली. या वाटांना ‘व्हिया व्हेर्दे’, म्हणजे हरित मार्ग, असे नाव मिळाले. त्यांची एकूण लांबी पुढे ३,००० किलोमीटरांवर गेली. बहुतेक मार्ग कधी ना कधी चाललेले होते. ओल्वेराचा मार्ग मात्र जन्मास येण्यापूर्वीच सोडून दिलेला, आणि तोच या सर्वांत विशेष प्रसिद्धीस आला.

प्रवासी सहसा ओल्वेराहून निघतात, कारण ती बाजू उंच आहे. उतार इतका सौम्य, की पायांस कष्ट न होता सायकल आपोआप पुढे सरकते. बोगद्यात शिरले की उन्हाळ्यातही अंगास गारवा लागतो. लांब बोगद्यांत दिव्यांची सोय आहे, तरी सायकलीस स्वतःचा दिवा असलेला बरा. बाहेर पडावे तो खाली ग्वादालपोर्कून नदी. तिच्या नावातील ‘ग्वाद’ हा अरबी ‘वादी’ शब्दाचा अवशेष आहे; मूरांचे राज्य गेले, त्यांनी नदीस दिलेले नाव राहिले.

वाटेत साफ्रामागोनचा प्रचंड चुनखडी सुळका लागतो. त्याच्या कपारींत गिधाडांची मोठी वसाहत आहे, आणि जवळच्या स्टेशनाच्या इमारतीत त्यांच्या निरीक्षणाची सोय करण्यात आली. भारतीय वाचकास हे दृश्य थोडे चटका लावणारे वाटेल. गुरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने भारतातील गिधाडे जवळजवळ नाहीशी केली. २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरास येथे बंदी झाली. त्याच औषधास २०१३ साली स्पेनने गुरांसाठी परवानगी दिली. पक्षिमित्रांनी कंठशोष केला, तरी दुसऱ्याची ठेच पाहून शहाणे होण्याची रीत राज्यकर्त्यांत क्वचितच आढळते.

पुढे कोरीपे गावानजीक एक जुना, विस्तीर्ण ओक वृक्ष आहे. त्यास सरकारने संरक्षित ठरवले आहे, आणि त्याच्या सावलीत बहुतेक सायकलस्वार शिदोरी सोडतात.

या वाटेने गावांना काही दिले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पडकी स्टेशने सुधारली, तेथे उपाहारगृहे व विश्रामगृहे झाली, सायकली भाड्याने देण्याचा धंदा निघाला, काही तरुणांस गावातच काम मिळाले. तथापि ज्या मजुराने या बोगद्यात सुरुंग लावला, त्यास सांगितलेली गोष्ट ही नव्हती. सुखाने सायकल हाकणाऱ्याने ९९० मीटरांच्या त्या काळोखात एवढे तरी आठवावे.

पुएर्तो सेर्रानोस पोहोचल्यावर नवख्या प्रवाशाची एक गंमत होते. येताना उतार होता, तो परतताना चढ होतो. दमलेला मनुष्य स्टेशनाच्या पायरीवर बसतो आणि सायकल डब्यात टाकून ओल्वेरास परत नेईल अशा गाडीची चौकशी करू लागतो.