आजीची हंसा, बेनेगलांची उषा

आजी ‘सांगत्ये ऐका’ बघायला गेली ती देवळात जाते असं सांगून. साल 1959. पुण्याच्या विजयानंद थिएटरात अनंत मान्यांचा हा तमाशाप्रधान सिनेमा पुढे अडीच वर्षं मुक्काम ठोकून होता. पण आमच्या वाड्यात तमाशाचं नावही हलक्या आवाजात काढायचं, म्हणून शेजारपाजारच्या चौघीजणी हातात फुलांची परडी घेऊन निघाल्या. हंसा वाडकर पडद्यावर आली की पुढच्या रांगांतून शिट्ट्या पडायच्या, आणि या चौघी पदराचा बोळा तोंडाशी धरून रडायच्या. आजी हे सांगायची तेव्हा तिचे डोळे पुन्हा भरायचे. ‘‘शिट्टी मारणाऱ्यांना काय दिसत होतं कोण जाणे, आम्हाला तर आपलंच दिसत होतं,’’ म्हणायची.

पुढे हंसाबाईंनी आपलं आयुष्य सांगितलं, अरुण साधूंनी ते शब्दांत उतरवलं आणि 1970 मध्ये त्याच सिनेमाच्या नावानं पुस्तक आलं. ते आजीनं गव्हाच्या डब्यामागे ठेवून वाचलं. पुढच्याच वर्षी हंसाबाई गेल्या.

आणि 1977 मध्ये हैदराबादजवळ कोकणी घरात वाढलेल्या श्याम बेनेगलांनी त्या पुस्तकावरून ‘भूमिका’ केला. आजीनं तो पाहिला बऱ्याच उशिरा, दूरदर्शनवर, आम्हा नातवंडांना शेजारी बसवून. स्मिता पाटीलची उषा सेटवर नाचताना दिसली तेव्हा ती पुटपुटली, ‘‘ही हंसा नव्हे.’’ मग बराच वेळ काही बोलली नाही. बायकोच्या कमाईवर जगणारा आणि तिलाच धाकात ठेवणारा अमोल पालेकरांचा केशव आला. मग अमरीश पुरींचा काळे. त्याच्या प्रशस्त घरात अंथरुणाला खिळलेली पहिली बायको, आणि उषाला उंबऱ्याबाहेर जायलाही मनाई. तिथं आजी म्हणाली, ‘‘पण दुखणं हंसाचंच.’’

बेनेगलांची सगळी कमाई मला त्या एका वाक्यात दिसते. गोष्ट जिची, तिच्याकडून ती काढून न घेता पडद्यावर आणायची. उषा चुकते, हट्ट करते, पुन्हा त्याच नवऱ्याकडे वळते. दिग्दर्शक तिची वकिली करत नाही आणि तिला शिक्षाही देत नाही. ‘अंकुर’मधली लक्ष्मी तशीच. 1974 मध्ये या पहिल्याच चित्रपटात त्यांनी शबाना आझमीकडून जो आक्रोश काढून घेतला, त्यापुढे शेवटी पोरानं जमीनदाराच्या खिडकीवर फेकलेला दगडही मला लहान वाटतो.

माझा मामा तेव्हा आणंदला दूध डेअरीत नोकरीला होता. बेनेगलांच्या ‘मंथन’ची गोष्ट त्याच्या तोंडची. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घातले आणि 1976 मध्ये तो चित्रपट उभा राहिला. मग गावोगावचे लोक ट्रक भरभरून थिएटरवर आले, आपल्या पैशाचा पिक्चर बघायला. मामा सांगायचा, तिकिटाच्या रांगेत लोक असे उभे होते जसे सकाळी दूध घालायला उभे राहतात. पटकथा विजय तेंडुलकरांची, त्यामुळे खेड्यातली जात आणि सत्ता कुठे झाकलेली नाही. सहकार म्हणजे सगळ्यांनी गुण्यागोविंदानं नांदणं, असा भाबडेपणा त्यात नाही. पैसे घालणाऱ्यांना बेनेगलांनी त्यांचंच भांडण दाखवलं, आणि ते त्यांनी मनापासून पाहिलं. 2024 च्या मे महिन्यात त्याची दुरुस्त केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली, तेव्हा मामा हवा होता.

गोव्याच्या ‘त्रिकाल’बद्दल, ‘मंडी’बद्दल, ‘भारत एक खोज’च्या 53 भागांबद्दल लिहायला वेगळी बैठक लागेल. पण मनात आहे ते लिहायलाच हवं: बांगलादेशच्या राष्ट्रपित्यावरचा शेवटचा ‘मुजीब’ मला पोकळ वाटला. भारत आणि बांगलादेश या दोन सरकारांनी मिळून करवलेला तो चित्रपट. त्यातला माणूस हार घातलेल्या तसबिरीतून खाली उतरतच नाही. ज्या दिग्दर्शकानं हंसाबाईंना देवी केलं नाही, त्याच्याकडून हे यावं याचं वाईट वाटतं. तेव्हा त्यांचं वय ऐंशीच्या पुढे होतं, डायलिसिस चालू होतं आणि तरीही ते रोज कामावर जात, हे ठाऊक असूनही वाटतं.

23 डिसेंबर 2024 ला ते गेले. नुकतीच नव्वदी पूर्ण केली होती. त्या रात्री मी ‘भूमिका’ लावला. शेवटाकडे उषा हॉटेलच्या खोलीत एकटी राहते. आम्ही लहानपणी इथं आजीला विचारलं होतं, ही आता कुठं जाणार? आजीनं आमच्याकडे न बघता उत्तर दिलं होतं, ‘‘जाऊ दे कुठं ते. आधी तिला जरा बसू दे.’’