काळाच्या सीमेवरून परतलेली लहर



मराठीच्या अध्यापकाने विद्युतचुंबकीय लहरींच्या इतिहासात डोकवावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु एखाद्या विचारास साधनांची किती काळ वाट पाहावी लागते, हा प्रश्न केवळ विज्ञानाचा नाही.

१८६५ साली मॅक्सवेलने या लहरींचे गणित मांडले आणि १८८७-८८ मध्ये हर्ट्झने त्या प्रयोगाने दाखविल्या. अशी लहर हवेतून काचेत शिरली की तिची तरंगलांबी बदलते, वारंवारता तीच राहते आणि तिचा काही अंश मागे परततो. ही झाली स्थळाची सीमा. पण लहर वाटेत असतानाच सारे माध्यम एका क्षणात पालटले तर? ही काळाची सीमा होय. फ्रेडरिक मॉर्गनथेलर या अमेरिकन अभियंत्याने १९५८ साली तिचे गणित मांडले. येथे तरंगलांबी कायम राहते, वारंवारता बदलते आणि लहरीचा एक अंश उलट फिरतो. त्याचा क्रमही उलटतो. दरीत ‘विठ्ठल’ अशी हाक दिली तर प्रतिध्वनीत ‘वि’ आधी येतो. काळाच्या सीमेवरून परतणाऱ्या हाकेत ‘ल’ आधी येईल.

हे सिद्ध करणे मात्र दुष्कर होते. माध्यम सर्वत्र एकाच वेळी, पुरेशा प्रमाणात आणि लहरीच्या एका आंदोलनाहूनही त्वरेने बदलावे लागते. २०१६ साली पॅरिसच्या संशोधकांनी पाण्याचे भांडे एकाएकी हिसडले, तेव्हा पसरत गेलेल्या लहरी आपल्या उगमाकडे परतल्या. विद्युतचुंबकीय लहरींबाबत हे यश २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये आंद्रेआ अलू यांच्या गटास लाभले. सुमारे ६ मीटर लांबीच्या नागमोडी धातुपट्टीवर त्यांनी इलेक्ट्रॉनिक स्विच आणि विद्युतधारित्रे बसविली. सारे स्विच एकदम चालविताच पट्टीचा विद्युत-अवरोध दुप्पट झाला आणि संदेशाचे शेपूट आधी परतले.

मॉर्गनथेलर यांचे गणित आणि हा प्रयोग यांत ६५ वर्षांचे अंतर आहे. ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न वर्गात मलाही अनेकदा ऐकावा लागला आणि प्रत्येक वेळी उत्तर देता आले असे नाही. ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी आयुष्यभर शिकविले. त्यांतले कोणाच्या उपयोगी केव्हा पडले, हे त्यांना कळले नसेल. आपण येथे आहोत, एवढे उत्तर मला पुरेसे वाटते.