चालू तासांचं मीटर

झरी जामणीकडे शेततळं खोदायला जेसीबी बोलावला, की बकेट जमिनीला टेकण्याआधी शेतकरी केबिनमध्ये डोकावतो. ‘रीडिंग किती हाय भाऊ?’ लगेच मोबाइलवर त्या आकड्याचा फोटो. समजा, २३४१.६. काम संपताना २३४४.१ दिसलं, तर भाडं अडीच तासांचं. दशांश चिन्हापुढचा एक आकडा म्हणजे सहा मिनिटं. कटकट होते ती मधल्या चहाची. इंजिन चालू, मीटर पळतंय आणि माती जागची हललेली नाही. त्या वेळेचे पैसे कोणी द्यायचे?

संगणकावर प्रोग्राम किती वेळ चालला हे मोजण्याचं मूळही अशाच भाड्यात आहे. १९६०च्या दशकात आयबीएमची मोठी यंत्रं बहुतेक ठिकाणी भाड्यानं घेतलेली असत. महिन्याच्या मूळ भाड्यात १७६ तास मिळत, म्हणजे रोजचे आठ असे बावीस दिवस. त्यापुढे जादा आकार. त्यासाठी सिस्टीम/३६० या त्यांच्या यंत्रांवर दोन मीटर बसवलेली असत, एक गिऱ्हाइकाचं, दुसरं कंपनीच्या अभियंत्याचं. दुरुस्तीला आलेला अभियंता किल्ली फिरवी, की आकडे त्याच्या मीटरवर चढत आणि गिऱ्हाइकाचं मीटर थांबे. अशी किल्ली आपल्याकडच्या मशिनींनाही असावी, असं शेतकरी नक्की म्हणतील.

यंत्रावर एका वेळी एकाचंच काम चाले तोवर एवढं पुरेसं होतं. १९६१मध्ये एमआयटीत सीटीएसएस या प्रणालीचं प्रात्यक्षिक झालं आणि एकाच यंत्रावर अनेकजण एकाच वेळी बसू लागले. आता बाहेरचं मीटर कोणाच्या नावावर लावायचं? मोजणी यंत्राच्या पोटात न्यावी लागली. पुढे युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमनं रूढ केलेली रीत सोपी आहे. घड्याळ ठरावीक अंतरानं प्रोसेसरला टिक देतं आणि त्या क्षणी ज्याचा प्रोग्राम चालू असेल, त्याच्या खात्यात ती टिक जमा होते. अमेरिकेतली वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, म्हणून टिकाही ६०. १९७१च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलमध्ये तर तारीख-वेळसुद्धा सेकंदाच्या साठाव्या भागांत मोजलेली आहे. ३२ बिटांची जागा त्या हिशेबानं सव्वादोन वर्षांत भरली असती. मग पूर्ण सेकंद मोजायचं ठरलं.

चहाची कटकटही युनिक्सनं मिटवली. ‘टाइम’ ही आज्ञा प्रोग्रामच्या आधी लिहिली, की शेवटी तीन आकडे उमटतात. ‘रिअल’ म्हणजे भिंतीवरच्या घड्याळानं गेलेला वेळ, ‘यूजर’ म्हणजे प्रोग्राम स्वतः प्रोसेसरवर राबला तो, आणि ‘सिस’ म्हणजे त्याच्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीम राबली तो. डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ फक्त ‘रिअल’मध्ये दिसतो.

सगळं यंत्र किती दिवस न थांबता चालू आहे हे सांगणारी ‘अपटाइम’ बर्कलीच्या युनिक्समध्ये आली, १९७९ साली. तिचा मोठा आकडा मिरवण्याची हौस नंतर अनेकांना लागली. जुन्या लिनक्सवर मात्र ४९७ दिवसांनी तो आकडा पुन्हा शून्यावर येई. सेकंदाला १०० टिका आणि मोजायला ३२ बिट, जागाच संपे. पुढे लिनक्सवाल्यांनी एक नामी युक्ती केली. टिकांचा गणक शून्यापासून सुरू न करता असा लावला, की यंत्र चालू झाल्यावर पाचच मिनिटांत तो भरून उलटावा. गणक उलटल्यावर कोलमडणारा प्रोग्राम दीड वर्षानं रात्रीबेरात्री दगा देण्याऐवजी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांदेखतच कोलमडतो.

भाडं काही सुटलं नाही. अ‍ॅमेझॉननं २००६मध्ये संगणक तासाच्या दरानं द्यायला सुरुवात केली, तेव्हा दहा मिनिटं वापरला तरी बिल पूर्ण तासाचं येई. सेकंदावर आकारणी २०१७मध्ये आली. त्यांच्या लॅम्बडा सेवेत २०२०च्या अखेरीस हिशेब एका मिलिसेकंदापर्यंत खाली आला. एवढ्या बारीक मापानं मोजला जातो तो मात्र ‘रिअल’च. प्रोग्राम दुसऱ्या सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहत नुसता बसला, तरी तो वेळ बिलात चढतो.