फ्लोअरिंगचा गोंद का पेटतो? बंद खोलीतली वाफ, एक ठिणगी आणि तुमचा फोन

गेल्या मे महिन्यात घोडेगावच्या आमच्या घरी माडीवरच्या खोलीत व्हिनाइल फ्लोअरिंग टाकायचं काम काढलं. वर्क फ्रॉम होमसाठी ती खोली मलाच हवी होती. मिस्त्री सकाळी आले, गोंदाचा पाच लिटरचा डबा उघडला आणि हायवेची धूळ आत येते म्हणून खिडक्या लावून घेतल्या. अर्ध्या तासात त्यांच्या हाताखालचा पोरगा डोकं धरून जिन्यात येऊन बसला. तेवढ्यात लाइट गेली आणि जिन्याखालचा इन्व्हर्टर 'टक' करून चालू झाला.

काही झालं नाही. पण डब्यावर लाल चौकटीत ज्वाळेचं चित्र आहे हे मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. ते पाहिल्यावर त्या 'टक' आवाजाचीच जास्त भीती वाटली. का, ते पुढे सांगतो.

डब्यात काय असतं?

सुतारकामात लाकडाला लावतात तो पांढरा गोंद पाण्यातला असतो, तो असा पेटत नाही. व्हिनाइल, रबर, सनमायका चिकटवायला जो पिवळसर, मधासारखा, उग्र वासाचा गोंद वापरतात तो वेगळा. सुतार त्याला नुसतं 'एसआर' म्हणतात, म्हणजे सिंथेटिक रबर. हे रबर पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते टोल्युइन, हेक्झेन, अ‍ॅसिटोन अशा सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेलं असतं. डब्यातला साधारण तीन-चतुर्थांश माल हा सॉल्व्हंटच असतो. चिकटवणारं रबर उरलेल्या भागात.

हा गोंद दोन्ही बाजूंना लावायचा, दहा-पंधरा मिनिटं सुकू द्यायचा आणि मग दाबायचं. आता हे 'सुकणं' म्हणजे काय? सॉल्व्हंट उडून खोलीच्या हवेत जाणं. म्हणजे वाफ होणं हा काही अपघात नाही, गोंदाचं कामच तसं आहे.

कोणत्या तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेटू शकते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. रॉकेलचा ३५ अंश सेल्सिअसच्या वर असतो. टोल्युइनचा ४ अंश. अ‍ॅसिटोन आणि हेक्झेनचा शून्याच्याही खाली, उणे २० च्या आसपास. आपल्या पेट्रोलियम कायद्यात २३ अंशांच्या खाली फ्लॅश पॉइंट असलेला द्रव सगळ्यात धोकादायक अशा 'अ' वर्गात येतो, त्याच वर्गात पेट्रोल आहे. नगर जिल्ह्यातल्या मे महिन्याच्या दुपारी या सॉल्व्हंटला आणखी तापवायची गरजच नाही.

आणि ही वाफ वर जात नाही. टोल्युइन आणि हेक्झेनची वाफ हवेच्या सुमारे तिप्पट जड असते. ती फरशीवर पसरते, दाराच्या फटीतून सरकते, जिन्यावरून पाण्यासारखी खाली उतरते. आमच्याकडे खाली काय होतं? इन्व्हर्टर. लाइट गेली की त्याच्यातला रिले बदलतो, आणि बदलताना आत बारीकशी ठिणगी पडते. ही वाफ पेटायला लागणारी ऊर्जा एका मिलीज्यूलच्या पाव भागाएवढी आहे. स्वेटर काढताना जो चटका बसतो त्यात याहून जास्त ऊर्जा असते. एकदा पेटली की ज्वाळा वाफेच्या पट्ट्यावरून उलटी पळत उघड्या डब्यापर्यंत येते. पेटवणारी वस्तू खोलीत असायलाच हवी असं नाही.

आकडेमोड

इंजिनीअर असल्यामुळे हे केल्याशिवाय राहवलं नाही. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली धरा. आत सुमारे ३४,००० लिटर हवा. पाच लिटर गोंदातलं सगळं सॉल्व्हंट टोल्युइन आहे असं मानलं, तर त्याची साधारण ८५० लिटर वाफ होते, म्हणजे खोलीच्या अडीच टक्के. टोल्युइनची वाफ पेटायला हवेत सव्वा टक्क्याहूनही कमी प्रमाण पुरतं. खिडक्या बंद असतील तर पूर्ण खोलीची सरासरीच दुप्पट भरते. फरशीलगत, जिथे मिस्त्री गुडघ्यावर बसलेले असतात, तिथे तर दोन लिटर संपायच्या आधीच हद्द ओलांडलेली असू शकते.

श्वासाचा हिशोब आणखी वाईट निघतो. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेने कामगारांसाठी टोल्युइनची सुचवलेली मर्यादा आहे हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग. आमच्या खोलीत एवढं प्रमाण व्हायला फक्त तीन चमचे टोल्युइन उडालं की झालं. ५०० भागांना ती संस्था 'तात्काळ जिवाला धोका' म्हणते. म्हणून तो पोरगा जिन्यात येऊन बसला होता. मिस्त्री म्हणाले, "सवय होते." सवय नाकाला होते, मेंदूला नाही. थोड्या वेळाने वास जाणवेनासा होतो, हवेत माल तेवढाच असतो.

हेक्झेनची गोष्ट तुमच्या खिशाशी जोडलेली आहे. चीनमधल्या सुझोऊ शहरात विनटेक कंपनीच्या कारखान्यात टचस्क्रीन पुसायला अल्कोहोलऐवजी हेक्झेन वापरलं गेलं, कारण ते लवकर उडतं. कामगारांच्या हातापायांत मुंग्या, अशक्तपणा, चालताना त्रास सुरू झाला. १३७ कामगार बाधित झाल्याचं अ‍ॅपलने २०११ च्या आपल्या पुरवठादार अहवालात मान्य केलं. शरीरात हेक्झेनपासून जो पदार्थ तयार होतो तो नसांना इजा करतो. रोज बंद खोलीत गोंद लावणाऱ्या माणसाला पायाच्या बोटांत मुंग्या येत असतील, तर ते थकव्याचंच आहे असं धरू नये.

फोनने आग लागते का?

पेट्रोल पंपावर मोबाइलने स्फोट, असे मेसेज सगळ्यांनीच वाचलेत. अमेरिकेतल्या पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने अशा घटना तपासल्या, त्यांना फोनमुळे आग लागल्याचं एकही सिद्ध प्रकरण सापडलं नाही. खरा दोषी बहुधा स्थिर वीज. इथे लक्ष द्या: व्हिनाइलचा रोल उलगडताना आणि त्यावरची फिल्म ओढताना स्थिर वीज तयार होते, कोरड्या उन्हाळ्यात जास्तच. फोनपेक्षा चार्जरची पिन सॉकेटमधून काढणं, पंख्याचं बटण, फ्रिजचा थर्मोस्टॅट, फरशी कापायचं कटर मशीन आणि बाजूच्या खोलीतलं निरांजन यांची काळजी करा. तरी फोन बाहेरच ठेवा, तो अशा हवेसाठी बनवलेला नाही.

दुसरा गैरसमज अ‍ॅपचा. मीही त्या दिवशी फोनवर एक्यूआय उघडून बघितला, हिरवा होता! आपल्या देशाच्या एक्यूआयमध्ये आठ प्रदूषक मोजतात: धुळीचे दोन प्रकार, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. टोल्युइन त्यात नाही. शिवाय तो आकडा कुठल्यातरी शहरातल्या केंद्राचा असतो, तुमच्या खोलीचा नव्हे. फोनमध्ये वाफ ओळखणारा सेन्सर नसतो. ऑनलाइन मिळणारे स्वस्त 'टीव्हीओसी' मीटर वास वाढला एवढं दाखवतात, स्फोटाची हद्द मोजत नाहीत.

मग काम कसं करायचं?

अमेरिकेत १९७० च्या दशकात घरोघरी असे गोंद गॅस उपकरणांच्या छोट्या पायलट ज्योतीने पेटत होते. शेवटी तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने डिसेंबर १९७७ मध्ये अतिज्वलनशील कॉन्टॅक्ट गोंदांच्या मोठ्या डब्यांवर घरगुती ग्राहकांसाठी बंदी घातली. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात कोणीही डबा उचलतो. म्हणून पहिला प्रश्न दुकानातच विचारा: पाण्यातला अ‍ॅक्रिलिक गोंद आहे का? व्हिनाइलला तो चालतो. लॉक होणाऱ्या पट्ट्यांना बहुतेक वेळा गोंद लागतच नाही. मिस्त्रींची अडचणही खरी आहे, पाण्यातला गोंद सुकायला वेळ घेतो आणि मजुरी स्क्वेअर फुटावर मिळते. आम्ही त्यांना एका दिवसाचे जास्त पैसे देऊ केले, तेव्हा विषय दोन मिनिटांत मिटला.

एसआरच वापरायचा असेल तर समोरासमोरची दारं-खिडक्या उघडा, धूळ आली तर येऊ द्या. काम सुरू करण्याआधी मेन स्विच आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करा. वाफ असताना जाऊन बंद करू नका, ती पण ठिणगीच. गॅस, दिवा, अगरबत्ती, बिडी बंद. खोलीत साधा टेबल फॅन लावू नका, त्याच्या मोटरमध्येही ठिणगी पडू शकते. लागेल तेवढाच गोंद छोट्या भांड्यात घ्या आणि डब्याचं झाकण लावून तो बाहेर ठेवा. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कोविडवाला मास्क वाफ अडवत नाही, त्यासाठी ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क लागतो. गरोदर बाई आणि लहान मुलं त्या दिवशी घरात नकोत.

कुणाला गरगरलं तर आधी मोकळ्या हवेत आणा. शुद्ध हरपली तर १०८. आग लागली तर पाणी मारू नका, सॉल्व्हंट पाण्यावर तरंगत पसरतं. आग छोटी असेल तर पावडरचं एक्स्टिंग्विशर किंवा वाळू, नाहीतर सगळे बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ लावा. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी, टूथपेस्ट नाही.

आमच्याच तालुक्यात, याच हायवेवर, नेवासा फाट्याला ऑगस्ट २०२५ मध्ये रात्री फर्निचरच्या दुकानाला आग लागून एकाच कुटुंबातले पाच जण गेले. ती गोंदाने लागली असं मी म्हणत नाही. पण दुकान आणि घर एकाच इमारतीत असणं आपल्याकडे नेहमीचं आहे, आणि सुतारकामाच्या दुकानात असे डबे असतातच. खाली दुकान आणि वर घर असेल तर ते डबे जिन्याखाली ठेवू नका.

आमचा उरलेला डबा आता घराबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे, झाकण ठोकून. गोंदाची फडकी मिस्त्रींनी अंगणात उन्हात पसरून सुकवली आणि मगच टाकली. खोलीतला वास जायला तीन दिवस लागले, तोवर मी ओट्यावर बसून मीटिंगा केल्या.